मधला थांबा

गाडी घरात आली त्या दिवसापासून लेक पेट्रोल पंपावरच्या रांगेकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. महिन्याभरापूर्वी तोही त्याच रांगेत घड्याळ बघत उभा असायचा, पण विजेची गाडी घेतली की काही माणसांना मागचं आठवत नाही. गाडीचा रंग हिरवट निळा होता, चांगलाच उठून दिसणारा. "आवाज बघ, आई," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि आवाज तर नसायचाच. आता नसलेला आवाज बघायचा कसा? पण आई कौतुकाने मान हलवायची. तिची गरज होती ना! ज्याच्याकडून काम असतं त्याच्या गाडीचं कौतुक करावंच लागतं, मग तो पोटचा पोरगा का असेना.

काम एवढंच होतं की तिला ताईकडे जायचं होतं.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. लांबच्या एका चढणीवरच्या गावात एकटी राहायची. आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला, बोटं अजून शाबूत होती, गुडघे मात्र गेले होते आणि आता डोळेही जायला निघाले होते. नजरेचा मधला भाग हळूहळू विझत जातो आणि कडेचं तेवढं दिसत राहतं, असा तो आजार. आई जन्मभर नर्स होती, तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा माणसाला दाराची चौकट दिसते आणि दारात उभं कोण आहे ते दिसत नाही. डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं की यंदाचं वर्ष चेहरे ओळखू येतील, पुढचं सांगता येत नाही. ताईने ते फोनवर हसत हसत सांगितलं आणि मग म्हणाली, "दिसतंय तोवर एकदा येऊन जा गं. तोंड बघू दे तुझं. मग काय, आवाज आहेच फोनवर."

आईचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं. बसचे हादरे तिला वर्ज्य होते, आणि रेल्वे त्या चढणीवर जात नव्हती. म्हणून लेकाने गाडी नोंदवली तेव्हाच शब्द दिला होता, "गाडी आली की पहिली फेरी मावशीकडे. एवढी मऊ चालते, तुला कळणारही नाही." हा शब्द त्याने आपणहून दिला होता. आईने मागितला नव्हता.

लेक माल पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होता. कुठला ट्रक कुठून जाईल, कुठे थांबेल, कुठे थांबणार नाही, हे ठरवणं त्याचं काम. त्या कामात तो हुशार होता, यात वाद नाही. त्यांच्या ऑफिसात थांबा म्हणजे गळती. एक थांबा कमी केला की वरिष्ठ पाठ थोपटत, दोन कमी केले की बैठकीत नाव घेत. पंधरा वर्षं हेच करून त्याची नजरच तशी झाली होती. भाजी आणायला निघाला तरी वाटेतली दोन दुकानं मनातल्या मनात गाळायचा.

असा माणूस विजेच्या गाडीच्या लांबच्या प्रवासाचं नियोजन करायला बसला, म्हणजे बघायलाच नको. जेवणाच्या टेबलावरचा मिठाचा डबासुद्धा हलवून तिथे लॅपटॉप आला. गाडीत एक ॲप, फोनमध्ये दोन, शिवाय गाडीवाल्यांचा एक ग्रुप, त्यात रोज कुणीतरी कुठला चार्जर बंद आहे ते कळवायचा. चढण असेल तर बॅटरी किती खाईल, समोरून वारा असेल तर किती, तिघं बसलो तर किती. सुनेला तिचं वजन विचारलं तेव्हा तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने अंदाजाने आकडा घातला. आईला हे सगळं गमतीचं वाटत होतं. निदान पहिल्या संध्याकाळी तरी.

दुसऱ्या संध्याकाळी प्रवास लांबला. "एवढं निघतोच आहोत तर," लेक म्हणाला, "तसेच पुढे समुद्रापर्यंत जाऊ. तिथे एक हॉटेल आहे, त्यांचा स्वतःचा चार्जर आहे. रात्रभर फुकट." हॉटेलचे फोटो बघून सून खूश झाली. आईही खूश झाली, कारण समुद्र ताईच्या पलीकडे होता. म्हणजे ताई वाटेवर होती.

तिसऱ्या संध्याकाळी ताईच वाटेवरून सरकली.

"प्रॉब्लेम असा आहे," लेक पडद्यावर बोट ठेवत म्हणाला. 'प्रॉब्लेम असा आहे' म्हणताना त्याचा आवाज ऑफिसातला व्हायचा. "मावशीच्या गावात चार्जरच नाही. हायवेच्या फाट्यावर आहे, पण तिथून वर गाव म्हणजे सगळी चढण. जाऊन यायचं म्हणजे बॅटरी पार खाली येणार. मग परत त्याच फाट्यावर येऊन पुन्हा चार्ज करायचं."

"मग करू," सून म्हणाली.

"एकाच चार्जरवर दोनदा?" त्याला खरोखरच लागलं ते. "हे काय नियोजन झालं?"

"गाडी पोचते ना पण?" आईने विचारलं.

"पोचते गं. पोचण्याचा प्रश्न नाही. मी वीस टक्क्यांच्या खाली गाडी नेत नाही. नियम म्हणजे नियम."

हा नियम कुठून आला, कुणी केला, हे आईने विचारलं नाही. वॉर्डात असताना असे नियम तिने पुष्कळ बघितले होते. भेटीची वेळ संपली, असं म्हणून दारं लावून घ्यायची. तेव्हा दारं लावणारी ती होती, एवढाच फरक. ती उठली आणि आपल्या खोलीत जाऊन तिने ताईला फोन लावला.

ताई ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे वीजच लागते ना त्या गाडीला? मग वीज आहे की माझ्याकडे. बिल भरते मी."

"तसं नाही गं. जाड वायर लागते. साध्या प्लगवर नाही होत."

"मग जाड वायर टाकून घेऊ."

आणि तिने खरंच घेतली टाकून. डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या त्या बाईने गावातला वायरमन गाठला, त्याला घरी बसवून आईला फोन लावून दिला, आणि आईने गाडीचं पुस्तक मांडीवर घेऊन, चष्मा पुसून, त्याला किती अँपिअर, अर्थिंग कसं, हे वाचून दाखवलं. वायरमन म्हणाला, "काकू, व्हरांड्यात देतो पॉइंट, मीटरपासून वेगळी लाइन ओढतो. गाडी दारातच लागेल." दोन म्हाताऱ्या आणि एक वायरमन, तिघांनी मिळून जे नियोजन केलं त्यात लॅपटॉपला काही काम नव्हतं. पॉइंट बसल्यावर ताईने त्यावर आपला टेबल फॅन लावून बघितला. फॅन चालला. दोघी बहिणी फोनवर खिदळल्या.

त्या दिवशी जेवताना आईने ही बातमी सांगितली. सांगताना तिला लहान मुलीसारखा आनंद झाला होता, आणि तो तिने लपवलाही नाही. सून म्हणाली, "अय्या, मावशी ग्रेट आहेत!" लेक पानातलं बोटाने इकडचं तिकडे करत राहिला.

"घरगुती पॉइंटवर रात्र जाईल," शेवटी तो म्हणाला.

"जाऊ दे की," आई म्हणाली. "रात्री आपणही झोपणारच ना? गाडीही झोपेल."

"आई, मला तिथे रात्र काढायची नाही."

हे मात्र ऑफिसच्या आवाजात नव्हतं. आईने हातातला घास खाली ठेवला.

"का?"

"का म्हणजे काय? तिथे गेलो की मी पुन्हा चौदा वर्षांचा होतो. ती शेजाऱ्यांना बोलावणार. याला मी कसं शिकवलं, याला गोवर आला तेव्हा मी कशी बसून राहिले, हा परीक्षेत नापास झाला तेव्हा घर सोडून कसा पळाला आणि मी कसा शोधून आणला. बायकोसमोर. प्रत्येक वेळी तेच. मी ऐकायचं आणि हसायचं."

"खोटं सांगते का ती?"

"खरं सांगते, तेच तर," लेक म्हणाला.

नवरा लवकर गेला तेव्हा आईच्या पदरात हा मुलगा आणि रात्रपाळी, दोन्ही एकदम पडलं होतं. शाळेची शेवटची चार वर्षं तो ताईकडे राहिला. ताईने त्याला दोन वेळचं खायला घातलं, त्याचे शर्ट शिवले, मार दिला, आणि मारल्यावर स्वतःच रडली. आज तो जो काही होता त्यातलं अर्धंअधिक ताईच्या त्या दोन खोल्यांमधलं होतं. आणि नेमकं तेच त्याला सोसत नव्हतं. उपकार विसरणारी माणसं आईने बघितली होती. पण याला सगळं लख्ख आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच तो तोंड चुकवत होता. असला कृतघ्नपणा तिला नवीन होता, आणि तो आपल्याच पोटी जन्मावा याचा तिला त्या क्षणी भयंकर राग आला.

"एका रात्रीचा प्रश्न आहे रे," सून हळूच म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

चार्जर नाही, चढण आहे, वीस टक्क्यांचा नियम आहे, हे सगळं एवढ्यासाठी होतं तर. आईने खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला. भांडली असती तर कदाचित जिंकली असती. पण जिंकून तोंड वाकडं केलेल्या मुलाला घेऊन ताईच्या दारात जायचं, आणि ताईने त्याचे लाड करायचे, हे तिला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने ताईला सांगितलं की गाडीचा प्लग वेगळ्याच प्रकारचा निघाला.

"मग बदलून घेते," ताई म्हणाली. "तो वायरमन चांगला आहे."

"नको गं. कंपनीचाच लागतो म्हणे."

"असं होय?" ताई म्हणाली. "असू दे. इस्त्री करता येईल त्यावर."

लेक अगदीच दगड नव्हता. दोन दिवसांनी सकाळी चहाचा कप घेऊन तो आईच्या खोलीत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मी मार्ग काढलाय." मार्ग असा की वाटेत तीन थांबे. पहिला नाश्त्याचा, शेवटचा समुद्राच्या अलीकडे, आणि मधला नेमका ताईच्या फाट्यावर. तिथे चाळीस मिनिटं चार्जिंग. त्या वेळेला तो ताईला गावातून टॅक्सी करून देणार, ताई खाली फाट्यावर येणार, तिथल्या हॉटेलात बसून दोघींनी बोलायचं. "म्हणजे तुमची भेटही होते आणि थांबाही वाया जात नाही," तो म्हणाला. स्वतःच्या युक्तीवर तो मनापासून खूश होता.

गुडघे गेलेल्या म्हातारीने चढण उतरून यायचं, आणि चाळीस मिनिटांनी परत चढायची. आईच्या तोंडावर आलं होतं की थांबा वाया जात नाही हे तुझ्या ट्रकांना सांग. पण ती "बरं" म्हणाली. भीक म्हणून का होईना, पदरात पडत होतं ते तिला सोडवेना.

ताईने तर तिच्याहून लवकर मान्य केलं. "चाळीस मिनिटं पुष्कळ झाली," ती म्हणाली. "तोंड बघायला किती वेळ लागतो?"

त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत आईने घरात ताईचं नाव काढलं नाही. ताईचं नाव निघालं की लेकाचा चेहरा पडायचा, आणि चेहरा पडला की तो पुन्हा लॅपटॉप उघडून काहीतरी बदलायचा, हे तिला कळून चुकलं होतं. तापलेल्या पेशंटला जसं कमीत कमी हात लावायचा, तसं तिने त्या नियोजनाला जपलं. कपडे भरले, मणक्याचा पट्टा घेतला, ताईसाठी ठळक आकड्यांचं एक बोलकं घड्याळ घेतलं. बटण दाबलं की वेळ सांगणारं. ते तिने पर्समध्ये तळाशी ठेवलं.

निघाले ते पहाटे. गाडी खरंच मऊ चालत होती. सून पुढच्या सीटवर मान टाकून, कानात इअरफोनची बोंडं घालून झोपली होती. आई मागे, पाठीला उशी लावून, काचेतून बघत. हवा गार होती, वारा पाठीमागून होता, आणि पुढे ट्रकांची रांग असल्याने वेग आपोआप बेताचा राहिला होता. बॅटरीला हे सगळं मानवतं म्हणे. पहिल्या थांब्याच्या थोडं आधी मधल्या पडद्यावर काहीतरी उजळलं.

लेकाने वाचलं आणि स्टिअरिंगवर चापटी मारली. "आई! एक थांबा वाचला!"

"वाचला म्हणजे?"

"गाडी सांगतेय, गरज नाही म्हणून. पहिल्याच ठिकाणी थोडं जास्त भरलं की एक आख्खा थांबा गळतो. अर्धा तास तरी वाचला!" त्याने पडद्यावरच्या हिरव्या चौकोनाला बोट लावलं. पडद्यावरची रेघ थरथरली आणि नव्याने आखली गेली. आनंद त्याच्या मानेत, खांद्यांत, अगदी कानांतसुद्धा दिसत होता. ऑफिसात असंच होत असणार.

आईलाही आनंद झाला. अर्धा तास वाचला तर फाट्यावर चाळीसाच्या जागी साठ मिनिटं बसता येईल, असं तिच्या मनात आलं. अगदी ओठांवर आलं होतं, 'मग ताईकडे जरा जास्त थांबू या का?' पण तिने ते गिळलं. एवढा खुलला होता तो, उगाच कशाला नाव काढायचं? ती म्हणाली, "बरं झालं. हुशार आहे हो तुझी गाडी."

पहिल्या ठिकाणी ते ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसले. म्हणजे पहिला थांबा गळाला नव्हता, तेव्हा शेवटचा गळाला असणार, असा तिने हिशेब केला. समुद्राच्या अलीकडचा. तो गेला तर गेला, तिला काय त्याचं? निघण्याआधी तिने तिथल्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, केस नीट बसवले, थोडी पावडर लावली. आरशात बघून पुसली, आणि पुन्हा लावली. नेहमी ती एवढं करत नसे. पण आज तोंडच तर दाखवायचं होतं.

पुढे रस्ता रुंद झाला, ट्रक मागे पडले, गाडीने वेग धरला. आई पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती, पण अक्षरं लागेपर्यंत पाटी मागे जायची. तिने तो नाद सोडला. पर्स मांडीवर घेऊन, घड्याळाचा डबा वरच काढून ठेवून, ती तयार होऊन बसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा होता.

"अगं," ताईच्या आवाजात धाप होती, आणि मागून गाड्यांची घरघर ऐकू येत होती. "तुमची गाडी आत्ता पुढे गेली का गं? मी रस्त्याच्या कडेलाच उभी होते, म्हटलं तुम्हाला वळण चुकायला नको. रंग तोच वाटला, तू फोटो पाठवला होतास ना, तो. मी हात केला. पुढून वळून येताय का?"

आईने काचेबाहेर बघितलं. बाहेर नुसतं माळरान मागे पळत होतं. तिने फोन मांडीवर उतरवला, पण बंद करायचं तिला सुचलं नाही.

"तू कुठला थांबा गाळलास?" तिने विचारलं.

"हं?"

"मघाशी. कुठला थांबा गाळलास?"

"मधला," लेक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची मान ताठ झाली.

सून जागी झाली. "काय झालं?"

"मावशी फाट्यावर उभी आहे," आई म्हणाली. "तूच टॅक्सी करून दिलीस तिला. रस्त्याच्या कडेला उभं राहून आपल्या गाडीला हात केला तिने."

"अरे देवा," सून म्हणाली. "विसरलास?"

"पडद्यावर स्टेशनचं नाव होतं नुसतं," लेक म्हणाला. "मावशी कुठे होती त्यात? गाडीने विचारलं, मी हो म्हटलं. सवयीने झालं, आई. मुद्दाम नाही केलं."

मुद्दाम केलं असतं तर बरं होतं, असं आईला वाटलं. मुद्दाम गाळायला निदान माणूस लक्षात तरी असावा लागतो.

"वळव," ती म्हणाली.

"हो. हो, थांब. बघतो." त्याने पडद्यावर दोन बोटं फिरवली. "पुढे आणखी एक फाटा आहे, तिथून वळता येईल. पण म्हणजे जाऊन येऊन... तिथे बसणं धरून... आणि शेवटच्या चार्जरची वेळ मी घेऊन ठेवलीय, ती जाणार. हॉटेलला पोचेपर्यंत रात्र."

"होऊ दे रात्र," सून म्हणाली. "वळ ना रे."

"वळतोय. मी कुठे नाही म्हटलं?" त्याने डावीकडचा दिवा लावला. टिक टिक सुरू झालं. गाडी थोडी हळू झाली, पाटी दिसली, पाटीवरचा बाण दिसला. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "परत येताना थांबू या. नीट. दोन तास थांबू. आत्ता घाईघाईत काय भेटणार तुम्ही?"

"परतीचा रस्ता तू दुसरा घेतलायस," आई म्हणाली. "थांबे कमी आहेत म्हणून."

"तो बदलता येईल."

"तिला पुढच्या खेपेला माझं तोंड दिसणार नाही."

"एवढ्या दोन-चार दिवसांत काय होतंय, आई? उगाच काहीतरी बोलू नकोस." त्याने मागच्या आरशात बघितलं, पण आईकडे नाही, मागून येणाऱ्या गाडीकडे. "आणि वळून तिकडे गेलो की ती म्हणणार वर घरी चला. मग? तो पॉइंट, तो व्हरांडा, ते सगळं. तुला माहीत आहे ती कशी आहे."

फाटा आला. टिक टिक चालूच होतं. मग त्याने दिवा बंद केला, आणि फाटा गेला.

सून खिडकीकडे तोंड करून बसली. आईला वाटलं होतं की आपण ओरडू, रडू, निदान पुढच्या सीटवर मूठ तरी मारू. पण तिने यातलं काहीच केलं नाही. पहिल्यांदा तिला स्वतःचीच लाज वाटली. आपण एवढे दिवस ताईचं नाव न काढता बसलो, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि त्याला इतकं बरं वाटलं की ताई त्याच्या डोक्यातूनच गेली. मग तिने मांडीवरचा फोन उचलून कानाला लावला. तो चालूच होता.

"ताई," ती म्हणाली. "ती आमची गाडी नव्हती गं."

पलीकडे गाड्यांची घरघर.

"आम्ही निघालोच नाही. पहाटे माझी पाठ धरली. तुला फोन करणारच होते, पण गोळी घेऊन डोळा लागला. तू उगाच आलीस एवढी खाली."

बोलता बोलता तिला कळलं की आपण काय करतो आहोत. जिचे डोळे जात होते तिला आपण सांगत होतो की तुला दिसलं ते खोटं होतं. जन्मभरात तिने पेशंटांना पुष्कळ खोटं सांगितलं होतं, पण इतकं नीच कधी सांगितलं नव्हतं.

"असेल," ताई म्हणाली. "मला आता कुठे धड दिसतं? रंग बघितला आणि हात केला. असेल कुणाची तरी."

"टॅक्सी आहे ना तुझी?"

"आहे. तो चहा पितोय. मीही घेते थोडा, मग जाते वर." मग आवाज खाली आणून, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "आणि हे बघ, त्याला काही बोलू नकोस. गाडी चालवतोय तो."

फोन बंद झाला. आई तो तसाच हातात धरून बसली.

बराच वेळ गेला. पडद्यावरची रेघ सरळ होती, वीस टक्क्यांची काळजी नव्हती, आणि पोचायची वेळ ठरल्यापेक्षा लवकरची दाखवत होती. लेकाने दोनदा घसा साफ केला.

"काय म्हणाली मावशी?" त्याने शेवटी विचारलं. "चिडली नाही ना?"

"तुला काही बोलू नकोस म्हणाली," आई म्हणाली. "म्हणून वाचलास."